डाव्या हाताची थाप

मी बोलतोय ते जरा जवळ येऊन ऐका, कारण माझं चामडं आता सैलावलंय आणि आवाज पूर्वीसारखा लांब जात नाही. मी मृदंग. हेदवीहून कातळाचा सडा चढून वर आलं की आमची वाडी लागते, तिथल्या खेळ्यांचा, म्हणजे शिमग्यात देवापुढे नाचणाऱ्या-गाणाऱ्या मंडळींचा. जात फणसाची.

फणस होतो तेव्हापासूनच माणसांच्या हातांशी माझी गाठ. वैशाखात येणारा-जाणारा माझ्या फळांवर बोटांनी ठोकायचा, कान लावायचा आणि "नाय, अजून आठ दिस" म्हणून चालू लागायचा. कुणी धपकन मारी, कुणी नखाने टकटक करी. पिकल्या फळाचा आवाज कुणाला कळतो आणि कोण उगाच ठोकतो, हे मला तेव्हाच समजायला लागलं होतं.

एका वादळात मी उन्मळून पडलो. सुताराने खोड आतून कोरून पोकळ केलं, दोन्ही तोंडांना चामडं चढलं, वाद्या आवळल्या गेल्या. उजवीकडचं तोंड लहान, त्यावर काळ्या शाईचा गोल. डावीकडचं मोठं, त्यावर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापायची, म्हणजे आवाज घुमतो. लहान तोंड बोटांचं, मोठं तोंड तळव्याचं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मला घरी नेलं भागोजीने. वाडी भाताची आणि नाचणीची. गहू आजारी माणसालाही मिळायची मारामार, पण भागोजीच्या घरी एका मडक्यात मूठभर कणीक कायम झाकलेली असायची. ती फक्त माझ्यासाठी. सांगायला हरकत नाही, त्यामुळे मी थोडा शेफारलो होतो.

भागोजीने आपल्या मुलाला, शिवाला, माझ्यावर हात बसवायला शिकवलं. पहिले काही महिने शिवा मला नुसता बडवायचा. म्हातारा वैतागून म्हणायचा, "अरे, खिळे ठोकतोस काय? हात मारायचा नाय, पडाया द्यायचा. मनगाट सैल सोड. फणस पिकला काय ता बगतोस ना, तसा. आदी इचारायचा, मंग आयकायचा."

हळूहळू शिवाला ते साधलं. तर्जनी काठावर पडून लगेच उचलली जायची, मधलं बोट शाईवर यायचं, मनगट मोकळं असायचं. असा हात मला पुन्हा मिळाला नाही. त्याचा चुलतभाऊ केरू दुसरा मृदंग वाजवायचा. त्याचा हात जड. कधी मला उचलून दोन थापा मारी, तर मी कुरकुरायचो. मी तसा खवट, आणि केरू मला आवडायचा नाही.

भागोजी गेला. शिवा मुंबईला गिरणीत लागला, पण शिमग्याला हटकून यायचा. खेळ्यांच्या पहिल्या मृदंगाचा मान आमच्या घराचा होता. गावकीचा नियम असा की, घरचा माणूस एक जरी शिमगा वाजवायला उभा राहिला नाही, तर मान दुसऱ्या घरात जातो आणि परत येत नाही. ते दुसरं घर म्हणजे केरूचं.

एका वर्षी शिवा माघातच आला. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. त्याची बायको काशी पाण्याला गेली तेव्हा त्याने मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि थाप टाकली. ती थाप अर्धीच आली. मला वाटलं, मुंबईने हा बिघडला, सगळं विसरून आला. मी मुद्दाम भसाडा आवाज काढला. त्याने दोनदा पुन्हा टाकली, मी दोनदा तसाच बोललो. मग त्याचा हात शाईवर पडून राहिला, आणि मला कळलं की तर्जनी आणि मधलं बोट तिथे नव्हतीच. यंत्राच्या पट्ट्यात गेली होती. त्या भसाड्या आवाजाची लाज मला आजही वाटते.

काशी घागर घेऊन दारात उभी होती. तिने घागर उतरवली, डोळे पुसले आणि विचारलं, "आता शिमग्याचा काय?"

"केरू वाजवील," शिवा म्हणाला. "मान जायाचा तर जाऊंदे."

"आन् मामंजींनी तुमचा हात बसवला, त्याचा काय?"

त्याने मला परत खुंटीला अडकवलं. आठ दिवस मी खुंटीवरच होतो.

नवव्या दिवशी काशीने मडक्यातली कणीक काढली. कुणी सांगितलं नव्हतं. भिजवली, माझ्या मोठ्या तोंडावर थापली आणि मला शिवापुढे आणून ठेवलं. पण ती होती त्याच्या समोर. मृदंग बायकांनी कधी गळ्यात अडकवलेला नाही, मग तिला काय ठाऊक? लहान तोंड उजवीकडे, एवढंच तिने इतकी वर्षं पाहिलं होतं. तिने ते उजवीकडेच ठेवलं, पण स्वतःच्या. तिचं उजवं ते त्याचं डावं.

"उलटा ठेवलास," शिवा म्हणाला. मला फिरवायला त्याने हात पुढे केले, आणि उजवा तळवा सहज कणकेवर पडला. घुम्म! मी घर भरून बोललो. कारण त्या तोंडाला बोटं लागतच नाहीत, तळवा लागतो, आणि तळवा शाबूत होता. शिवाने मला फिरवलं नाही. मग डाव्या हाताची बोटं, पाचही, त्याने शाईवर टेकवली. तिथून निघाला तो आवाज अगदीच पोरकट होता.

पुढचा महिनाभर डाव्या हाताने मला पुन्हा पहिल्यापासून सोसायला लावलं. तेच बडवणं, तेच ताठ मनगट. काशी भाकरी थापता थापता चुलीपासून ओरडायची, "खिळे ठोकताव काय?" आणि दोघं हसायची. या वेळी मात्र मी कुरकुरलो नाही.

शिमगा आला. तिन्हीसांजेला देवाची पालखी सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, बसली, माणसं गोल धरून उभी राहिली. शिवाने मला उलटा गळ्यात अडकवलं. बाळा गावकर पुढे आले. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"थांब. देवाम्होरं उलटा मृदंग? डाव्या हातानं कोन देवाला काय देतो काय? ह्या चालायचा नाय."

शिवाची मान खाली गेली. सगळे केरूकडे पाहू लागले. त्याने नुसती थाप टाकायची होती, की मान कायमचा त्याच्या घरात.

केरू गावकरांना म्हणाला, "तात्या, येक इचारू? माज्या मृदंगाच्या मोठ्या तोंडावर कुटला हात पडतो?"

"डावा."

"भागोजीकाकाचा पन डावाच पडायचा. तवा देव कदी रागावला नाय. आता डाव्यानं जागा बदलली, येवढाच झाला."

गावकरांनी शिवाचा उजवा हात पुढे घेऊन पाहिला. "वाजव," म्हणाले.

केरू शिवाच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. त्यामुळे दोन्ही मृदंगांची लहान तोंडं समोरासमोर आली. शिवाची डावी बोटं जिथे अडखळत, तिथे केरूचा तो जड हात मला सांभाळून घ्यायचा. केरू मला आवडू लागला तो त्या दिवसापासून.

असे नऊ शिमगे झाले. मागल्या पावसाळ्यात शिवा तापाने गेला. काशीने मला चुलीवरच्या उबेत टांगून ठेवलं, आणि मला वाटलं की संपलं आपलं.

पण परवाच्या शिमग्याला केरू दारात आला. आता केस पिकलेत त्याचे. "वयनी, मृदंग द्या. गावकीत सांगून आलोय, मान तुमच्या घरचा, वाजवनारा मी." काशीने कणीक भिजवली.

सहाणेवर केरूने मला आधी उलटा अडकवलं. डावा हात उचलला आणि पहिली थाप डाव्याने टाकली. तिरकी, जड, चुकीच्या जागी पडलेली थाप. मग मला सरळ करून त्याने देवाचं नमन धरलं. दर वर्षी असंच करणार, असं तो गावकरांना सांगत होता. ते नाही म्हणाले नाहीत.

आता मी पुन्हा चुलीवर टांगलेला आहे. वाद्या झिजल्यात, एक बाजू उकललीय. तुमच्यापैकी कुणी मला उतरवलंत तर हात कसाही असू दे, जड असू दे, अपुरा असू दे, मी आता नावं ठेवत नाही. फक्त आधी मला उलटा धरा. त्या दिवशी केरूच्या त्या एका वेड्यावाकड्या थापेला मी माझा सगळ्यात चांगला आवाज दिला. शिवाला माघात द्यायचा राहिला होता, तो.