दोघांनी धरायची काच

भूकंपाला वर्ष होत आले होते, पण शहराच्या खिडक्यांनी अजून डोळे उघडले नव्हते. भिंतींच्या भेगा बुजल्या होत्या, रस्ते पुन्हा वाहू लागले होते. चौकटींत मात्र काचेऐवजी प्लॅस्टिकच ताणलेले होते. वारा सुटला की सगळी गल्ली कुरकुरायची, जणू साऱ्या शहराला झोप लागत नाही आणि ते नुसते कूस बदलत पडले आहे.

ह्या कुरकुरीने काचवाल्याचे दुकान खाऊन टाकले होते. सुरुवातीला त्याला वाटले होते की आता आपल्याला उसंत मिळायची नाही. शहरात तावदान म्हणून शाबूत उरले नव्हते. बंदर खचलेले, देशाचे चलन घसरलेले, काच सोन्यासारखी महागलेली; तरी त्याने होते नव्हते ते घालून दुकान भरून घेतले. आणि मग कुणी आलेच नाही. लोकांपाशी पैसा नव्हता असे नाही, पण तो गादीखालून हलत नव्हता. घर, दुकान, लग्न, जे विचारावे त्याला एकच उत्तर होते: "एक धक्का येऊन जाऊ दे, मग बघू." त्या 'मग बघू'पाशी साऱ्या देशाचा बाजार पाय मोडून बसला होता.

घर चालले होते ते बायकोवर. दुकानाच्या उंबऱ्याशी शिलाई मशीन मांडून ती प्लॅस्टिकला कापडी काठ शिवून द्यायची, आणि गिऱ्हाइके तिच्याभोवती गोळा व्हायची. आत उभ्या काचांत त्या गर्दीचे प्रतिबिंब पडे. काचवाल्याच्या वाट्याला एवढेच यायचे.

"अहो, जरा बाजूला व्हा," ती म्हणायची. "माझ्या गिऱ्हाइकांचा उजेड अडवताय."

त्या सकाळी दुकानातल्या टीव्हीवर अर्थमंत्री बोलत होते. देशाचा पाया भक्कम आहे, उद्योग सावरले आहेत, नागरिकांनी निर्धास्तपणे खर्च करावा, गुंतवणूक करावी. मागे जाड मखमली पडदा होता. बोलता बोलता तो पडदा हलकेच फुगला, ओसरला, आणि माइकमधून एक आवाज आला. बारीक कुरकुर.

बायकोने मशीन थांबवले. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मंत्र्यालासुद्धा माझाच माल लागतो म्हणायचा!" ती हसली. मग हसू आपोआप विझले. "घाबरलाय बिचारा."

काचवाल्याला राग आला नाही. रागालाही अंगात थोडी धुगधुगी लागते. त्याने टीव्ही बंद केला. संध्याकाळी ठोक व्यापारी ट्रक घेऊन येणार होता; सगळ्या काचा मातीमोल भावाने उचलणार होता. त्यानंतर दुकानात राहणार होते ते प्लॅस्टिक आणि मशीन. नवरा-बायकोत एवढेच ठरले होते की तोवर एका जरी माणसाने काच मागितली, तर ट्रक रिकामा परत पाठवायचा.

दुपार कलल्यावर समोरच्या इमारतीतला दंतवैद्य आला. मशीनला वळसा घालून तो थेट आत शिरला, तेव्हा काचवाला लगबगीने पुढे झाला.

"दवाखान्याला काच बसवीन म्हणतोय," दंतवैद्य म्हणाला. "प्लॅस्टिक बघून पेशंटला वाटतं, डॉक्टरच पळायच्या तयारीत आहे. पळणाऱ्यापुढे तोंड कोण उघडेल?"

"बरोबर बोललात, डॉक्टर. बसवूनच टाका."

"पण काही होणार नाही ना? खरं सांगा."

"काही होत नाही. चौकट भक्कम असली की..." भक्कम म्हणताना काचवाल्याला आपल्याच घशातून दुसरे कुणी बोलल्यासारखे वाटले. नेमका त्याच क्षणी वारा आला आणि दुकानावरच्या माडीत, त्याच्या स्वतःच्या घरात, प्लॅस्टिक कुरकुरले.

दंतवैद्याने मान वर केली. "वर कोण राहतं?"

सांगता आले असते, भाडेकरू म्हणून. काचवाल्याने बायकोकडे पाहिले. ती काठावर वाकली होती, पण मशीन चालत नव्हते.

"आम्हीच," तो म्हणाला.

दंतवैद्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. होता तो थकवाच. "तुम्ही बसवा आधी," तो म्हणाला. "मग मी येतो." जाताना त्याने मशीनपाशी वाकून विचारले, "वहिनी, माझं एक कोपऱ्यात फाटलंय. द्याल शिवून?"

तो गेल्यावर काचवाल्याने एक मोठी काच टेबलावर आडवी घेतली, काच कापायचा हिरा फिरवला, आणि कित्येक महिन्यांनी दुकानात तो कोरडा, नितळ आवाज झाला. मग काच पक्की करायच्या लांबीचा, पुट्टीचा, गोळा मऊ होईपर्यंत तळहातावर मळला.

"कुणासाठी कापताय?" बायकोने विचारले.

"वरच्या खिडकीसाठी."

तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. त्या खांद्यावर लांब, पांढुरकी खूण होती. त्याच खिडकीची काच, त्यानेच बसवलेली, धक्का बसला तेव्हा तिच्या अंगावर आली होती.

"मी त्या खोलीत पाठ टेकणार नाही," अखेर ती म्हणाली.

"नको टेकूस. पण एकट्यानं बसत नाही गं ती. बाहेरून मी खिळे मारणार. आतून कुणीतरी धरायला हवं."

"कुणीतरी म्हणजे मी."

"दुसरं कोण आहे मला?"

"गोड बोलायला बरं सुचतं काच कापताना!" ती उठली, मशीनवर कापड टाकले, आणि त्याच्याआधी जिना चढली.

तो शिडी लावून बाहेर चढला. प्लॅस्टिक फाडून काढल्यावर खिडकीचे भगदाड आणि त्यात तिचा चेहरा, एवढेच उरले. दोघांनी मिळून काच चौकटीत उभी केली. तिने दोन्ही तळवे काचेला टेकवले, हात ताठ, अंग होईल तेवढे मागे. तो लाकडात बारीक खिळे मारू लागला. एका बाजूचे झाले असतील नसतील, तोच जमीन गुरगुरली.

शिडी थरथरली. काच गुणगुणू लागली. "सोड, बाजूला हो!" काचवाला ओरडला. तिने डोळे मिटून घेतले होते. ओठ पांढरे पडले होते. पण तळवे तिथेच होते, आणि काचेवर त्यांच्याभोवती श्वासाएवढे धुके जमत होते.

गुरगुर गल्लीच्या तोंडाशी आली, आणि तिला हॉर्न फुटला. व्यापाऱ्याचा ट्रक होता.

"दादा, वर काय करताय?" व्यापारी खालून ओरडला. "माल काढायचा ना?"

काचवाल्याला हसावे की रडावे कळेना. "का नाही सोडलीस?" त्याने विचारले.

"सोडली असती तर तुमच्या अंगावर आली असती," ती म्हणाली. "मारा खिळे आता. हात भरून आले माझे."

उरलेले खिळे मारून त्याने कडेने लांबी दाबली, अंगठ्याने सारखी केली. तिने एकेक बोट सोडवत हात काढले. काच राहिली. तो शिडी उतरला, तीही जिन्याने खाली आली.

"एक गिऱ्हाईक आलं, असं धरायचं का?" त्याने विचारले.

ती ट्रककडे पाहत राहिली. "धरायचंच असेल तर अर्धं धरा. अर्धा माल जाऊ दे, अर्धा ठेवा. मशीनही राहू दे."

"अर्धाच?" व्यापारी कुरकुरला. "वहिनी, मी एवढ्या लांबून आलो!"

"मग एक प्लॅस्टिक घेऊन जा. काठ शिवून देते."

अर्धा माल ट्रकमध्ये चढेपर्यंत उन्हे उतरली. काचवाला वर आला तेव्हा ती खिडकीजवळ नव्हे, दाराला टेकून बसली होती. तिची वळकटी नेहमीसारखी बाहेर गच्चीच्या वाटेवर होती. बाहेर वारा सुटला असावा. समोरच्या घरांची प्लॅस्टिके फुगून ओसरत होती. इथे मात्र काहीच ऐकू येत नव्हते.

"फार शांत झालंय हो," ती म्हणाली. "भीती वाटते."

तो तिच्याशेजारी, दारातच बसला. काचेवर तिच्या तळव्यांचे ठसे तसेच होते. पुसायला तो उठला नाही.