एफएफ म्हणजे फ्रंट फ्लॅट

पैज लागली ती ओटकेकच्या, म्हणजे आमच्याकडच्या ओटच्या धिरड्यांच्या, रांगेत. शनिवारी सकाळी लाँगटनमधला माणूस बायको सोडेल, पण त्या दुकानापुढची रांग सोडणार नाही. आणि रांगेत उभं राहून तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही.

माझ्या पुढे नायजेल मेचिन होता. माझ्या समोरच, सतरा नंबरच्या तळमजल्यावर राहतो. स्वस्तात मिळालेल्या वस्तूंचा याला इतका गर्व, की मयतीला गेला तरी शवपेटीवर किती सूट मिळाली ते विचारून येईल.

"विजेचं बिल वाढलं म्हणून बोंबलतोयस म्हणे, गॅझ," तो म्हणाला. "तुझ्यासारखे बोंबलतच बसणार. मी वेबसाइट उघडतो, सगळ्या कंपन्या एका ओळीत उभ्या करतो आणि स्वस्तातली उचलतो. तव्यावरचा ओटकेक उलटायच्या आत काम फत्ते."

"तू? परवा स्वतःच्याच दाराबाहेर अडकून पडला होतास."

"लाव पैज."

लावली. दोन आठवड्यांत त्याने कंपनी बदलून बिल खाली आणायचं. आणलं तर मी हरलो, नाही तर तो. हरणाऱ्याने बायकोचा नाइटगाऊन घालून याच दुकानाबाहेर उभं राहायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला गुडघे वाकवून मुजरा करायचा.

रांगेच्या शेपटीला सिरिल टनिक्लिफ उभा होता, नायजेलच्या डोक्यावर वरच्या मजल्यावर राहणारा म्हातारा. सगळा जन्म कपबशांच्या भट्टीवर काढलेला. तो म्हणाला, "दोघंही घाला, बदकांनो. एकाला तरी शोभेल." आमच्याकडे लाडात आलं की सगळ्यांनाच बदक म्हणतात.

नायजेलने तिथेच फोन काढला. पिनकोड टाकल्यावर पत्त्यांची यादी आली. सतरा नंबरच्या दोन ओळी होत्या, एक 'एफएफ' आणि एक 'जीएफ'.

"यातला तू कुठला?" मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो.

"एफएफ म्हणजे फ्रंट फ्लॅट. रस्त्याकडचं दार कुणाचं? माझं. जीएफ म्हणजे गार्डन फ्लॅट. सिरिलचा जिना मागच्या बागेतून जातो ना, म्हणून तो."

मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. त्याने एफएफवर बोट ठेवलं, मीटरचा नंबर वेबसाइटने आपणहून भरला, आणि आमच्या हातात ओटकेक पडायच्या आधी गडी नव्या कंपनीचा झालासुद्धा.

पुढच्याच्या पुढच्या बुधवारी तो रस्त्यातूनच ओरडला, "गॅझ, मेल आलाय. आजपासून नवी कंपनी. गाऊनला इस्त्री कर."

गुरुवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला गेलो. कडाक्याची थंडी होती, फुटपाथ काचेसारखा झालेला. काउंटरला सिरिल उभा होता, हातात विजेचं कार्ड. त्याचं मीटर आधी पैसे भरायचे आणि मग वीज वापरायची, असलं.

दुकानवाली शबाना कार्ड तिसऱ्यांदा मशीनमध्ये घालत होती. "घेतच नाही हो, मिस्टर टनिक्लिफ. 'हे खातं बंद आहे' असं म्हणतंय."

"मशीन बिघडलंय तुझं."

"आत्ताच त्या बाईंचं भरलं."

सिरिलने कार्ड कोटात टाकलं. मी म्हणालो, "काय झालं, काका?"

"तुला काय करायचंय?" म्हणाला आणि निघून गेला.

यात त्याची चूक नव्हती. मागच्या वर्षी मी कौन्सिलचा साहेब बनून त्याला फोन केला होता, की सरड्यांना आता लायसन लागतं. बिचारा सरडा बुटांच्या खोक्यात घालून पार टाउनहॉलला जाऊन आला होता.

सरडा म्हणजे डचेस. दाढीवाली जात, हातभर लांब. सिरिलच्या बायकोने, बेरिलने, आणली होती. बेरिल गेली आणि डचेस मागे राहिली. म्हातारा लोकांसमोर तिला 'ती पाल' म्हणायचा आणि घरात तिच्याशी गप्पा मारायचा. या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला होता. जनावरांच्या डॉक्टरने बजावलं होतं, लाल दिवा एक दिवससुद्धा बंद ठेवू नका, गार पडली तर वाचणार नाही. तो दिवा वरच्या खिडकीत असायचा. आमची सगळी गल्ली त्याच्याकडे बघून समजायची की सिरिलचं बरं चाललंय.

दुपारी मी खिडकीतून पाहिलं. दिवा नव्हता.

मी मागच्या जिन्याने वर गेलो, दार वाजवलं. "काका, गॅझ आहे. वीज गेलीय का?"

"चालता हो."

"काका, मस्करी नाही ही."

"तू कधी म्हणालायस की मस्करी आहे म्हणून?"

आतून खोकला आला, लांबलेला, कोरडा. त्या घरात गॅस नाही, सगळं विजेवर. दारातली पत्रं टाकायची फट उघडली तर आतली हवा बाहेरच्याइतकीच गार. जिन्यावर उभ्या उभ्या मला ते शब्द आठवले, खातं बंद आहे. कालच तर नायजेलचं नवं खातं चालू झालं होतं.

धावत खाली आलो. नायजेल सोफ्यावर पाय पसरून चहा पीत होता.

"तुझा मीटर नंबर बघ," मी म्हणालो. "मेलमधला आणि भिंतीवरचा. तू वरचं मीटर बदललंयस."

तो हसायलाच लागला. "व्वा. हरायची वेळ आली की हे. छान रचलंस."

"सिरिलची वीज गेलीय. सरडा मरेल. म्हातारा खोकतोय."

"गेल्या महिन्यात माझ्या छपरावर बकरी चढलीय म्हणून मला शिडी आणायला लावलीस. आता सरडा."

लांडगा आला रे आला, आणि या वेळी खरंच आला होता. मी याला गचांडी धरून उठवलं असतं, तर तीही त्याला मस्करीच वाटली असती. मग एकच उरलं. त्याची बायको डॉन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "डॉन, तू साक्षीला. पैज मी हरलो. शनिवारी गाऊन मी घालतो, तुझ्या आवडीच्या रंगाचा. नायजेल, तू जिंकलास. आता उठ आणि मीटर बघ."

नायजेलचं हसू विरलं. हार मानलेला गॅझ ब्लोर त्याने कधी पाहिला नव्हता. तो उठला, जिन्याखालचं कपाट उघडलं आणि फोनचा उजेड मीटरवर धरला. ओठ हलवत आकडे वाचले. मग फोनमधले वाचले. मग पुन्हा भिंतीवरचे.

"एफएफ," तो हळूच म्हणाला.

"फर्स्ट फ्लोअर," डॉन म्हणाली. "जीएफ म्हणजे ग्राउंड फ्लोअर. दोन आंधळे आणि एक फोन."

पुढचं सगळं पळापळीत झालं. नायजेलने गवत कापायच्या यंत्राची लांब वायर आणली, डॉनने गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या. वर जाऊन नायजेलने दारावर कपाळ टेकलं. "सिरिल, मी आहे. तुझी वीज मी घालवली. माझी चूक. दार उघड, बाबा."

शेवटी कडी वाजली.

सिरिलने ओव्हरकोट घातला होता, त्यावर ब्लँकेट. कोटाच्या वरच्या बटणांतून डचेसचं डोकं बाहेर आलेलं, राखाडी, डोळे मिटलेले. तिला त्याने छातीशी धरलं होतं, उघड्या कातडीला लावून. त्याचे स्वतःचे ओठ निळे पडले होते.

"हलत नाही ती," तो म्हणाला.

वायर खिडकीतून खाली सोडली, दिवा लागला. सिरिलने तिला दिव्याखाली ठेवलं आणि गुडघ्यांवर बसला. डॉनने त्याच्या पाठीला पिशवी लावली. नायजेल जिन्यात कंपनीला फोन लावून बसला, पलीकडून नुसतं बँडचं संगीत. मी, ज्याचं तोंड बंद राहत नाही तो मी, श्वास धरून एका सरड्याच्या बरगड्यांकडे बघत होतो.

बरगड्या हलल्या की मला भास झाला, कळेना. सिरिल तिच्या पाठीवरून एक बोट फिरवत राहिला. बाहेर अंधारून आलं तेव्हा डचेसने एक डोळा उघडला, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा मिटला. मग मान थोडी दिव्याकडे वळवली.

"बघितलंस, बेरिल," सिरिल म्हणाला. डॉनने आणि मी नजर भिंतीकडे वळवली.

कंपनीच्या पोरीने शेवटी फोन घेतला. अशा चुका होतात म्हणाली, मीटर परत जुन्या कंपनीकडे जाईल, पण काही आठवडे लागतील. तोवर वीज तिने तिकडूनच चालू करून दिली. जास्तीचा खर्च नायजेलने आपल्या नावावर लिहून घ्यायला लावला, आणि त्यासाठी पहिल्यांदाच सूट मागितली नाही.

शनिवारी मी माझ्या बायकोचा निळा गाऊन कोटाखाली घालून निघालो. शब्द दिला होता. दुकानाजवळ गर्दी दिसली. पुढे गेलो तर रांगेच्या तोंडाशी नायजेल, डॉनच्या गुलाबी फुलाफुलांच्या गाऊनमध्ये. खाली केसाळ पिंढऱ्या आणि शिकारीचे बूट.

"माझं घर अजून जुन्याच कंपनीत आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हरलो मी. तू कोट काढू नकोस, गॅझ, लोकांना ओटकेक खायचेत."

इतक्यात सिरिल आला, मफलर गुंडाळून, हळूहळू. नायजेलने गाऊन दोन बोटांनी उचलला आणि बर्फात गुडघे वाकवून त्याला मुजरा केला.

"आणखी खाली," सिरिल म्हणाला.