एकट्याची बायको

लोक मला विचारतात, "इतक्या हळव्या माणसाबरोबर संसार कसा करता हो?" मी म्हणते, लांबून.

माझा नवरा गाणी लिहितो आणि स्वतःच गातो. पोस्टरवर त्याचं नाव नसतं, नुसतं 'एकटा' एवढंच असतं. हा एकटा कार्यक्रमाला निघाला की मागे दोन गाड्या लागतात. एकीत वादक, दुसरीत त्याचे केस विस्कटणारी बाई. हो, ते केस आपोआप विस्कटत नाहीत, त्याला पाऊण तास लागतो. घरी हाच माणूस दोनदा वाढून घेतो आणि आंघोळ करताना टाळ्या वाजवत नाचरी गाणी म्हणतो. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं मला त्याच्या रेकॉर्ड कंपनीने बजावलंय.

लग्न झालं तेव्हा तो आनंदी गाणीच लिहायचा. एका गादीच्या जाहिरातीचं गाणंही त्याचंच. गाद्या खपल्या, गाणी नाही. मग एकदा पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी बॅग भरून माहेरी गेले. आठ दिवसांनी परत आले तर गाणं तयार. रिकामी उशी, गार झालेला चहा, वगैरे वगैरे. टॉवेलचा उल्लेख नव्हता. ते गाणं असं चाललं की कॉलेजातल्या पोरी जिन्यात बसून रडायला लागल्या. आता कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, झालं. पण रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी त्यातून सिद्धांत काढला: बायको गेली की गाणी येतात.

तेव्हापासून अल्बम ठरला की माझी रवानगी माहेरी. साहेब स्वतः गाडी पाठवायचे. ड्रायव्हर बॅग डिकीत ठेवताना म्हणायचा, "वहिनी, या वेळी जरा जास्त राहा. मागच्या खेपेला दोन गाणी कमी पडली." नवरा खिडकीत उभा असायचा, पण हात हलवायचा नाही. हात हलवला की निरोप गोड होतो म्हणे. आणि चार दिवस झाले नाहीत तोच फोन. "अगं, 'पोकळी'ला यमक सुचव ना." मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "मोकळी." ती ओळ आता पोरी दंडावर गोंदवून घेतात. मला आधी या सगळ्याची गंमत वाटायची. नवरा खुळा असला तरी माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही, अशी माझी समजूत होती.

बाबांना हे अजिबात पटायचं नाही. ते गाडी शिकवायच्या शाळेत होते, सगळा जन्म शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून गेला. निवृत्त झाल्यावरही टीव्हीवर गाडी जोरात धावली की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. ते म्हणायचे, "जावईबुवांना मी गाडी शिकवायला हवी होती. आरसा स्वतःला बघायला नसतो, मागून कोण येतंय ते बघायला असतो, एवढं तरी कळलं असतं."

चौथ्या अल्बमच्या वेळी मला कुणी पाठवायची गरज पडली नाही. बाबांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या आणि जवळ बसा. मी नवऱ्याला म्हटलं, "या वेळी तूही चल. मला एकटीला नाही झेपणार."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. "मला यायचंच आहे गं. पण तुला रोज बघितलं तर विरह मोडेल."

"दोन दिवस तरी ये. बाबांना बरं वाटेल."

"दोन दिवसांत सगळी लय जाते. हवं तर साहेबांना विचार."

साहेबांना विचार! माझे बाबा चालले होते आणि माझ्या नवऱ्याची रजा कंपनी मंजूर करणार होती. मी भांडले नाही. बॅग उचलली आणि निघाले.

बाबा दिवसभर दाराकडे बघत पडून असायचे. जावई येणार का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. "रस्त्याला गर्दी असेल," असं आपणच म्हणायचे आणि डोळे मिटायचे. झोपेतही चादरीखाली त्यांचा पाय ब्रेक दाबायचा. एका मंगळवारी दुपारी तो थांबला.

मी नवऱ्याला फोन लावला. "बाबा गेले" एवढं म्हणाले आणि पुढे नुसती रडले, मोठ्याने, नाक वाहीपर्यंत. पलीकडून तो एक शब्द बोलला नाही. एरवी समोरचा रडायला लागला की हा लगेच तोंड उघडतो, बहुतेक स्वतःबद्दल. त्या दिवशी तो नुसता ऐकत राहिला. मला वाटलं, इतक्या वर्षांत हा पहिल्यांदा माझ्याजवळ बसलाय. तेवढ्यावर मी त्याला सगळं माफ करून टाकलं. संध्याकाळी तो आला, सगळं आटपेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला, आणि सकाळी रेकॉर्डिंग आहे म्हणून निघून गेला.

दीड महिन्याने अल्बम आला. मी आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. बाहेरच्या खोलीत रेडिओवर त्याचं नवं गाणं लागलं. दोन कडवी झाली, वाद्यं थांबली, आणि त्या शांततेत एक बाई रडली.

"कोण नटी असेल हो?" शेजारी बसलेली बाई म्हणाली. "काय कसलेली आहे! अंगावर काटा आला बघा."

आईने तोंडातला कापूस काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही तू आहेस."

लोकांनी अल्बम डोक्यावर घेतला. मग नेहमीप्रमाणे नवरा मला न्यायला आला. केस विस्कटलेले, साहेब खाली गाडीत बसलेले. दारातूनच म्हणाला, "ऐकलंस? काय आवाज लागलाय तुझा! साहेब तर उठून उभेच राहिले."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू इतकं मोकळं रडली नसतीस."

हे खरंच होतं. मी म्हटलं, "मी येत नाही."

"बरं. आठवडाभराने येऊ का?"

"कधीच येऊ नकोस. मी आता इथेच राहणार."

त्याचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अगदी खरं होतं. मी इतकी वर्षं या माणसाची दुःखं बघितली आहेत, मला खरं-खोटं कळतं. क्षणभर माझं मन विरघळलंसुद्धा.

"पण मग," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पुढच्या अल्बमच्या वेळी मी पाठवू कुणाला?"

मी दार लावलं आणि आतल्या खोलीत गेले. खोलीचं दारही लावलं, खिडकी लावली, उशी तोंडावर घट्ट धरली. तो अजून बाहेरच उभा होता, आणि मला रडू आवरत नव्हतं.