टकलावर उपडं मडकं

बंगालातल्या नवद्वीपच्या क्षीरोदाचं गोड लाल दही म्हणजे सुरीनंच कापावं लागायचं. एकदा म्हणे घरात चोर शिरला, तिनं दह्याचं मडकं फेकून मारलं. मडकं फुटलं, चोराला टेंगूळ आलं, पण दह्यावर ओरखडासुद्धा नाही! खोटं वाटत असेल तर त्या चोराला विचारा.

आज मात्र त्याच क्षीरोदाचे हातपाय गार पडले होते. लेकीची, तुषूची, सोयरीक पक्की करायला मुलाचे आजोबा येणार होते. आणि पहाटे बघते तर काय, चुलीशेजारी दह्याच्या मडक्यांवर पांघरलेल्या गोणपाटात पुंटी मांजर पसरलेली! विरजण लावलं की मडक्याला वाऱ्याचाही धक्का लागू द्यायचा नाही, आणि ही बया रात्रभर त्यावर लोळत होती.

"मेले, दही मोडलं असलं ना, तर तुझंच लग्न लावीन त्या मुलाशी!"

तेवढ्यात हाराधन आजोबा आलेच. एकटे, टक्कल चकचकीत. ओसरीवर मांडी ठोकून म्हणाले, "क्षीरोदा, बाकीचं बोलणं मागाहून. आधी मडकं माझ्या डोक्यावर उपडं धर. दही पडलं, तर सोयरीक मोडली!"

मडकं उपडं करून दही पारखायची तिथली रीतच. पण स्वतःचं डोकं पुढे करणारा हा पहिलाच.

"अहो, कपडे खराब होतील—"

"होऊ देत. धर!"

तुषूनं डोळे गच्च मिटले. क्षीरोदानं मडकं उपडं धरलं. दही हलेना. चुलीवरचा भात शिजला, निवाला. मडक्यावर कावळा येऊन बसला, कंटाळून उडून गेला. दही आपलं ढिम्म!

क्षीरोदाच्या जिवात जीव आला. मांजरीची रात्रभर ऊब मिळाली, म्हणून तर दगडासारखं लागलं होतं.

आजोबा मात्र रडवेले. "अगं, जरा हलव तरी!"

"का हो?"

"घरी सून गोडाला शिवू देत नाही. म्हटलं, डोक्यावर पडलं तर चाटायला तरी मिळेल."

"आणि सोयरीक मोडली असती ती?"

"मोडतोय कशाला! चाटून झाल्यावर म्हणालो असतो, दुसरं मडकं आण, पुन्हा बघू."

क्षीरोदा हसत हसत मटकन खालीच बसली. डोळे पुसले, सुरी आणली, पानावर जाडजूड तुकडा कापला. आजोबांनी हात पुढे केला, तर तिनं पान पुंटीपुढे सरकवलं.

"थांबा आजोबा. आधी करवलीचा मान!"