ट्रॅक्टरच्या पोटातली ठकठक

ओक पान-गिलचा ट्रॅक्टर ठकठक करू लागला तेव्हा त्याने आधी प्रार्थना केली, मग ऑइल बदललं, आणि दोन्हींचा गुण येईना तेव्हा चुन-सोप मिस्त्रीला बोलावलं. पान-गिल चर्चच्या पंचांपैकी एक. त्याचा क्रम ठरलेला.

चुन-सोपने लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग डिझेलच्या नळ्या एकेक करून ढिल्या केल्या. ज्या सिलिंडरचं दुखणं, त्याचं डिझेल तोडलं की आवाज बदलायला हवा. ही ठकठक मात्र सासूच्या टोमण्यांसारखी, काहीही करा, चालूच.

"दादा, वरचं दुखणं नाही हे," तो म्हणाला. "क्रँकचं बेअरिंग गेलंय. एवढ्या जुन्याला सुटे भाग कुठले मिळायला? जेवण झालं की बॅटरी काढतो आणि उघडतो. बेअरिंग झिजलेलं निघालं तर सरळ भंगारवाल्याला फोन करा."

पान-गिलचा चेहरा पडला. ओसरीवर मुळे सोलत बसलेल्या त्याच्या बायकोची, मालसुनची सुरी मात्र थांबली ती बॅटरीच्या नावाने.

कारण बॅटरीमागच्या कपारीत तिने एक अख्खा वाळवलेला मासा टांगला होता, लाकडासारखा कडक, पांढऱ्या दोऱ्याचे वेढे घातलेला. तिच्या माहेरी नवी गाडी आली की डुकराचं डोकं मांडून पूजा व्हायची, चाकांवर तांदळाची दारू ओतायची आणि असा मासा गाडीत बांधायचा, म्हणजे अरिष्ट माणसाला सोडून माशावर जातं. पान-गिलला हे खपत नसे. पण गेल्या सुगीत उताराच्या शेतात ट्रॅक्टर बांधावरून खालच्या खाचरात घसरला. पान-गिल चिखलाने माखून हसत घरी आला, आणि हिला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्याच दिवशी तिने मासा बांधला. नवऱ्यावर तिचा जीव होता. बाकी देवांनी आपसात काय ते बघून घ्यावं.

पुरुष हात धुवायला गेले तशी ती उठली. कपारीत हात घातला, तर दोरा झिजून मासा लोंबत होता. तिने तो ओढून एप्रनखाली दडवला.

जेवण झालं. पान-गिल म्हणाला, "चुन-सोप, उघडायच्या आधी एकदा चालू कर रे. इतक्या वर्षांची सोबत आहे, शेवटचं ऐकून घेतो."

ट्रॅक्टर सुरू झाला. धडधड होती, ठकठक नव्हती.

पान-गिलने टोपी काढली. "अगं, ऐकलंस? आत्ता जेवणाआधी मी देवाकडे काय मागितलं? हेच!"

चुन-सोपने नळ्या चाचपल्या, इंजिनाला पुन्हा कान लावला. मग बॅटरीमागे वाकला. तिथे पत्र्याला ठोक्यांनी पोचा पडला होता आणि वर पांढऱ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं. त्याने मान वर केली, तर वहिनींच्या एप्रनमधून शेपूट डोकावत होतं. तो लाल झाला. चुन-सोपने क्रँक म्हणून मासा धरला, हे बाजारात कळलं तर संपलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"होतं असं कधीकधी, दादा," तो म्हणाला. "बसतं बेअरिंग. आपोआप."

"आपोआप? अरे नास्तिका! रविवारी चर्चमध्ये ये आणि सगळ्यांसमोर साक्ष दे."

"येतो," चुन-सोप कसाबसा म्हणाला.

"उद्या उजाडताच उताराचं शेत नांगरतो!" पान-गिल ओरडला आणि डबा घेऊन डिझेल आणायला निघालासुद्धा.

मालसुनचं हसू विरलं. उताराचं शेत, तोच बांध, आणि मासा इथे तिच्या पोटाशी. आतापर्यंत तिला पकडलं जाण्याची भीती होती. ती कुठल्या कुठे पळाली आणि खरी भीती येऊन बसली.

"भावोजी," तिने मासा सरळ बाहेरच काढला, "हा परत बांधायचाय. पण आवाज होता कामा नये. काय करू?"

चुन-सोपने फाटकाकडे पाहिलं. मग हत्यारांच्या पेटीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढला.

"डोक्याला आणि शेपटीला गुंडाळा, वहिनी. बॅटरी मी उचलून धरतो. आणि रविवारी माझ्याकडे बघून हसायचं नाही, सांगून ठेवतो."

तिचं लक्षच नव्हतं. ती गाठी मारत होती, एकीवर एक.