डाव्या कोपऱ्याचं मत

मी भांडखोर आहे हे इथं परदेशात, यिशुनमधल्या निम्म्या मराठी माणसांना अनुभवानं माहीत आहे आणि उरलेल्यांनी फोनवर ऐकलेलं आहे. त्यामुळे रविवारी शिवदासदादांच्या फ्लॅटवर वंदना आटोपली, खिरीच्या वाट्या फिरल्या आणि पुरुषमंडळींनी कबड्डीचा विषय काढला, तेव्हा दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"रत्ना, आज जरा दमानं."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

आमच्या घोळक्यातले बहुतेक जण नागपूरकडचे. एकाच विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळलेले, नाहीतर मैदानाच्या कडेला बसून घसा फोडलेले. आता कोणी बंदरात जहाजांची इंजिनं सांभाळतं, कोणी प्रयोगशाळेत मान मोडून काम करतं. पण आपल्या विभागातला आजवरचा सर्वांत मोठा चढाईपटू कोण, एवढं कोणी विचारलं की सगळे पुन्हा कॉलेजात जातात. यंदा तर नुसत्या गप्पाही नव्हत्या. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात जुन्या खेळाडूंचे फोटो पडद्यावर दाखवायचे होते, आणि पहिला, सगळ्यांत मोठा फोटो कोणाचा हे आज ठरवायचं होतं.

"निशिकांत," श्रीनिवास म्हणाला. हा क्वीन्सटाउनला एका कंपनीत आकडेमोड करतो, त्यामुळे त्याला वाटतं सगळे आकडे त्याच्या बापाचे. "दर सामन्यातली गुणांची सरासरी बघा."

"सरासरी कुठून काढलीस?" मी विचारलं. "आपल्याकडे गुण फळ्यावर खडूनं लिहायचे आणि संध्याकाळी पुसून टाकायचे."

सगळे हसले. दमानं घ्यायचं तिथंच संपलं.

मी म्हटलं, निशिकांत मोठा होताच, पण अंगानं मोठा. दांडगाई करून मध्यरेषा गाठायचा. नरेश बुटका, किडकिडीत. तो पाय इतका लांब कसा न्यायचा हे समोरच्याला बाद झाल्यावरच कळायचं. मी स्वतः मुलींच्या संघात बचाव करायचे, मला पायातलं कळतं. नरेश हाच पहिला. माझा नवरा आहे म्हणून नाही. उलट तो इतका चांगला होता म्हणून मी त्याला नवरा केला.

"झाला टच!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि अख्खी खोली खिदळली.

ही आमच्याकडची जुनी चेष्टा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी विभागाचा अंतिम सामना होता, समोर निशिकांतचं कॉलेज. गुण बरोबरीत, शेवटची चढाई नरेशची. तो परत आला तो "झाला टच, झाला टच" असं ओरडत, दोन्ही हात वर करून. पंचांनी गुण दिला नाही. मग जादा चढायांत आमचं कॉलेज हरलं. तेव्हापासून नरेशनं काहीही सांगितलं, मोठा मासा पकडला म्हणा की बॉसनं कौतुक केलं म्हणा, की लोक म्हणतात, झाला टच. आमची तन्वीसुद्धा. आताही मोबाइलमधून डोकं वर न काढता ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "नो व्हिडिओ, पा. हाऊ टू बिलीव्ह, लाह?"

नरेश स्वयंपाकघरात वाट्या विसळत होता. तोही हसला. ते हसू मला चांगलं ओळखीचं आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही. त्या सामन्याला त्याचे वडील आले होते. घरी जाताना ते एवढंच म्हणाले होते, "हरलास ते ठीक. खोटं का बोललास?" गेल्या वर्षी ते गेले. बापलेकांत तो विषय पुन्हा कधी निघालाच नाही.

माझं डोकं फिरलं. मी संग्रामकडे वळले. हा मरीन परेडला राहतो, आमच्याकडे दर दुसऱ्या आठवड्याला जेवायला असतो, आणि त्या सामन्यात निशिकांतच्या बाजूनं डाव्या कोपऱ्यात तोच उभा होता. शेवटच्या चढाईत नरेशचा पाय गेला होता त्याच्याच दिशेनं.

"तू सांग. लागला होता का?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता, कारण विचारणं म्हणजे संग्रामचा अपमान. आमच्या विभागात रीतच होती: पंचांना दिसो न दिसो, चढाईपटूचा स्पर्श झाला की बचाव करणाऱ्यानं आपणहून हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं. पंचही त्या हाताकडे बघूनच गुण द्यायचे. संग्रामनं त्या दिवशी हात वर केला नाही. संग्राम म्हणजे सरळ माणूस. म्हणजे टच नव्हता. म्हणजे नरेश खोटा. इतका सोपा हिशेब होता तो.

"वहिनी, जाऊ द्या ना," श्रीनिवास पुटपुटला.

"तू सरासरी काढ," मी म्हटलं.

संग्रामनं वाटी खाली ठेवली. मग त्यानं उजवा हात वर केला, पूर्ण सरळ, कोपरात न वाकवता. तसाच तो चटईवरून उठला आणि दारापाशी, चपलांच्या ढिगात जाऊन उभा राहिला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. माझ्या हातचं इतक्या वेळा जेवला हा माणूस! मी तोंड उघडणार, एवढ्यात नरेश ओल्या हातांनी बाहेर आला.

"कुठं लागला होता?" त्यानं विचारलं.

"नडगीवर. अंगठा." संग्रामची मान खाली होती. "सर ओरडत होते, वाचलो म्हणून पोरं नाचायला लागली होती. मला वाटलं, थोड्या वेळानं सांगू. मग चषक हातात आला. मग कसं सांगणार होतो, नऱ्या?"

"अंगठाच," नरेश म्हणाला. "लोक इतकं म्हणायला लागले, की मलाच वाटायला लागलं, मी मनानंच रचलं. मी खरंच तसं समजून चाललो होतो रे."

तन्वीनं मोबाइल उलटा करून ठेवला. शिवदासदादा काही बोलायला गेले, पण नरेशनं त्यांना हातानं थांबवलं. चिडलेला दिसत नव्हता तो. मला आठवतं तसा, चढाईला निघण्याआधीचा दिसत होता. त्यानं टॉवेलला हात पुसले, नागपूरला फोन लावला आणि मोबाइल संग्रामपुढे धरला.

"आईला सांग."

"जयभीम, मावशी. मी संग्राम," तो म्हणाला आणि अडखळत, एकही सबब न देता, सगळं सांगितलं.

स्पीकरवर मीराबाईंचा, माझ्या सासूबाईंचा, आवाज आला. "बरं केलं बापा, सांगितलं. पण हे आयकाले याचे बाबा पाहिजे होते."

संग्रामला रडू फुटलं. त्याला कोणी गप्प केलं नाही. मी तर मुळीच नाही.

नरेश फोन घेऊन बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेला आणि तन्वी त्याच्या मागोमाग. खिडकीतून मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. तो आईला ती चढाई पहिल्यापासून सांगत होता: कोण कुठं उभं होतं, त्यानं डावीकडे हूल कशी दिली, उजवा पाय कसा टाकला. आवाज इतका खणखणीत की शेजारच्या चिनी आजी दार उघडून बघायला लागल्या.

"आणि अंगठा लागला, आई," तो म्हणत होता. "मी बाबांना हेच सांगितलं होतं. अगदी हेच."