हात पोचेल तिथवर

माझी लेक बोमी आवाजापुढे हात धरायला लागलीय, हे आधी आमच्या दारापाशी माझ्या लक्षात आलं.

आमच्या दाराचं आकडे दाबून उघडायचं कुलूप बोलतं. दार लागलं की बाईच्या गोड आवाजात सांगतं, "दार बंद झालं." ते ऐकलं की रांगणारी बोमी जागच्या जागी बसते आणि उजवा तळवा उघडून दाराकडे करते. लिफ्टमधली बाई बोलली तरी तेच.

"टाटा करते गं," माझा नवरा ऊजिन म्हणाला.

टाटा मला कळतो. टाट्यात बोटं हलतात. हा हात स्थिर होता. शेकोटीसमोर धरावा तसा.

"तू ना, तिच्या प्रत्येक शिंकेवर प्रबंध लिहिशील," तो म्हणाला आणि मोजे शोधायला गेला. पण ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. सोमवारी माझी रजा संपत होती. पाळणाघरात नंबर लागलेला नव्हता, म्हणून बोमी दिवसभर सासूबाईंकडे राहणार होती. सवय व्हावी म्हणून थंडी सरल्यापासून ती दुपारची तिकडे जातच होती, आणि ही हात धरण्याची खोड आमच्या घरी लागलेली नव्हती, एवढं मला नक्की ठाऊक होतं.

शनिवारी मी सामान घेऊन सासूबाईंकडे गेले. टेबलांच्या कोपऱ्यांना लावायचे फोमचे तुकडे, खणांच्या कड्या, दारात बोट चेमटू नये म्हणून अडकवायच्या चकत्या. ऊजिनच्या काखेत कुंपणाचं खोकं होतं. दिवाणखान्यात एका कोपऱ्यात ते उभारून आत बोमीची खेळणी ठेवायची, असा माझा बेत होता.

सासूबाई फरशीवर वर्तमानपत्र पसरून मोड आलेल्या सोयाबीनची शेपटं खुडत बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"हे काय, दुकान टाकताय?"

"कोपऱ्यांना लावायचं आहे, आई. टेबलाच्या."

"टेबलाला लंगोट?" त्यांनी एक तुकडा उचलून दाबून पाहिला. "तीन पोरं वाढवली मी या टेबलाभोवती. याच्या कपाळावरची खोक याच कोपऱ्याची. म्हणून काय अभ्यासात मागे पडला?"

"पडलो की," ऊजिन म्हणाला. "माझे गणिताचे मार्क विसरलीस वाटतं."

तेवढ्यात खालून फोन आला. आमच्या गाडीमागे कोणाची तरी गाडी अडकली होती. "आलो, आलो," करत ऊजिन चपला अडकवून खाली पळाला, आणि त्या इमारतीतल्या गाड्यांची कोंडी सोडवायला गेलेला माणूस किती वेळाने परततो हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी गुडघ्यांवर बसले. घर बोमीच्या डोळ्यांनी बघायचं तर खालूनच बघायला हवं. खालून तापवलेली फरशी कोमट होती. रांगत मी टीव्हीपासून स्वयंपाकघरापर्यंत गेले, आणि बोमीला वाटलं हा तिच्यासाठीच खेळ चाललाय, म्हणून ती हसत माझ्या मागे.

"सूनबाई, ही नवीन कवायत का?"

टीव्हीखालच्या खणात औषधांचा डबा होता. सिंकखालच्या कपाटाच्या मुठीला कात्री लटकत होती. त्याच कपाटात सुऱ्या, व्हिनेगर, तिळाच्या तेलाच्या काचेच्या बाटल्या, कपडे धुण्याचं पांढरं द्रव. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा यातलं बरंचसं वर असायचं. व्हिनेगर काढायला सासूबाई मलासुद्धा सांगत नसत, "तुझ्या हातून पडेल" म्हणत.

मी उठून वरची कपाटं उघडली. सगळी रिकामी. आत स्वच्छ कागद अंथरलेला, त्यावर एक काडीसुद्धा नाही.

"आई, वर केवढी जागा आहे! सगळं वर ठेवूया का?"

"वर धूळ बसते."

"बंद कपाटात?"

"ती पिवळी धूळ वाऱ्यावर पार चीनमधून उडून येते, तिला तुझ्या कपाटाचं दार अडवणार?"

मी हसले आणि सुऱ्या वर ठेवल्या. मग धुण्याचं द्रव. मग व्हिनेगर. वळले तर सासूबाई खुडायचं थांबून त्या बाटलीकडे बघत होत्या. जवळचं माणूस परगावी निघावं, तसं. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, आपलं घर दुसऱ्याने लावलेलं कोणालाच आवडत नाही, त्यातून सुनेने लावलेलं तर नाहीच.

भाताचा कुकर कपाटातल्या सरकत्या फळीवर होता, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. भात शिजत होता म्हणून वाफ लाकडाला लागू नये यासाठी फळी पूर्ण बाहेर ओढलेली. आमच्याकडे कुकर वर ओट्यावर असतो. खरं म्हणजे तो तिथे नुसताच असतो. मी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा तयार भात आणते, आणि त्यावरून सासूबाई मला जे बोलतात ते सांगायला आणखी एक कथा लागेल.

"हा कुकरसुद्धा वर—" मी म्हणायला लागले आणि कुकरच बोलला.

"वाफ सोडत आहे. काळजी घ्या."

तोच आवाज. तशीच गोड, कुणाचीच नसलेली बाई. बोमीने तोंडातली रबरी कडी टाकली आणि सुटली. इतक्या वेगाने रांगताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"बघ, बघ!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "निघाली भातबाईला भेटायला! रोज कडेवर घेऊन दाखवते मी तिला. लांबून हात शेकतो आम्ही. हो ना गं माझी सोनी?"

मला एका क्षणात सगळं कळलं. दार, लिफ्ट, तो स्थिर तळवा. इथे रोज कडेवरून, लांबून. आज ती कडेवर नव्हती. खणाची मूठ धरून ती उभी राहिली, फळीच्या अगदी पुढ्यात, आणि कुकरने शिट्टीसारखा आवाज करत पहिला फवारा सोडला. तिने उजवा हात वर केला.

सासूबाई तिच्या जवळ होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी जवळ. त्यांनी झडप घालण्यासाठी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. भिंतीला अडावा तसा. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

मी कशी पोचले ते मला माहीत नाही. एका हाताने बोमीचं झबलं पाठीमागून धरून मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने फळी आत ढकलली. वाफ माझ्या मनगटावर आली.

बोमी पाठीवर पडून रडायला लागली. कपाटाच्या फटींतून धूर निघावा तशी वाफ बाहेर येत होती. ती बाई आत कोंडली गेली तरी बोलतच होती.

सासूबाईंनी माझा हात ओढून नळाखाली धरला. डाव्या हाताने. उजवा त्यांनी पोटाशी घट्ट दाबला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"भाजलंय तुला, बोलू नकोस. पाणी लागू दे."

"आई, हात कधीपासून उचलत नाही?"

त्या नळाकडेच बघत होत्या. "वर्षाच्या लोणच्याचे कोबी खारवले ना, त्या थंडीत. आधी नुसता दुखायचा. मग वर जाईनासा झाला. माझं काही अडत नाही. सगळं खाली घेतलंय मी."

सगळं खाली घेतलं होतं. त्यांचा हात पोचेल तिथवर. म्हणजे बरोबर बोमीचा हात पोचेल तिथवर. आणि मी मघापासून एकेक वस्तू वर चढवत होते, एकेक वस्तू त्यांच्या हातून काढून घेत होते.

"उचलता येतं मला तिला," त्या घाईघाईने म्हणाल्या. बोमीला त्यांनी डाव्या हाताने कवटाळून कडेवर घेतलं, आणि ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून गप्प झाली. "बघ. येतं की नाही?"

"उचलता येतं, आई. ओढून घेता येत नाही."

त्यांनी बोमीच्या केसांवर हनुवटी टेकवली. मग हलकेच म्हणाल्या, "ऊजिनला सांगू नकोस हं. तो लगेच म्हणेल, आई थकली. पोरगी उद्या पाळणाघरात, आणि मी इथे शेपटं खुडत."

सोमवार होता समोर. बोमीला ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि असती तरी तिथे तिला खांद्यात तोंड खुपसू देणारं कोण होतं?

मी खोकं उघडलं आणि कुंपण स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसवलं. मधलं फाटक उघडायला खिट्टी वर उचलून ढकलायची होती. सासूबाईंनी डाव्या हाताने करून पाहिलं. जमेना. पुन्हा केलं. खट् झालं.

ऊजिन घाम पुसत आला. "अरे, कुंपण इथे? बोमीला आत ठेवायचं होतं ना?"

"मला ठेवलंय," सासूबाई आतून म्हणाल्या. "सुनेने सासूला पिंजऱ्यात घातली. जा, सांग सगळ्या मजल्यांना."

तो हसला, मग त्याला माझं मनगट दिसलं. "हे काय?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. फाटकाच्या सळीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"वाफ लागली," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "आईंचा खांदा उठत नाही. बोमी कुकरपाशी गेली आणि त्यांना ती धरता आली नाही."

कपाटात कोंडलेला भात शिजून तयार झाला होता आणि बाई तेवढंच सांगत होती. ऊजिनने वरचं कपाट उघडलं, व्हिनेगरची बाटली काढली, फाटकाच्या आत खाली ठेवली. मग सुऱ्या. मग सगळंच. सासूबाई तोंड फिरवून उभ्या होत्या. जेवताना त्यांनी बोमीला भरवलं, ऊजिनच्या वाडग्यात भात वाढला आणि माझा वाडगा माझ्यापुढे नुसता सरकवला.

"चुगलखोर," त्या शेवटी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

सोमवारी सकाळी दार त्यांनीच उघडलं. खांद्याला मलमाची पट्टी लावलेली, तिचा वास दारापर्यंत येत होता. ऊजिनने दवाखान्याची वेळ घेतली होती. त्यावर त्या अजून "बघू" एवढंच म्हणत होत्या. आत कुकरची फळी आत ढकललेली दिसली.

"भात?" मी विचारलं.

"पहाटेच केला. नातीला गार भात घालणारी आजी झाले मी. झालं समाधान?"

बोमीला डाव्या हाताने घेऊन त्या आत वळल्या. त्यांचंही कुलूप बोललं, "दार बंद झालं." मला दिसलं नाही, पण आत एक तळवा दाराकडे उघडला असणार.

स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या लांब गॅलरीत उघडते. मी तिच्यापाशी थांबले. आतून पावलं ऐकू आली. मग खट्. फाटक उघडलं.

मी ते लागल्याच्या दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. नळ सुरू झाला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. बोमी कुठेतरी काहीतरी बडबडत होती, जवळ की लांब ते कळत नव्हतं. माझा हात दाराच्या कुलपावरच्या आकड्यांकडे गेला.

"सावली दिसते गं खिडकीत," आतून आवाज आला. "कामावर जा."

"फाटक, आई."

नळ बंद झाला. मग खिट्टी एकदा चुकल्यासारखी खरवडली, पुन्हा खरवडली, आणि खट् झालं.

मी लिफ्टकडे गेले. थोडं चालून गेल्यावर थांबले आणि पुन्हा कान दिला.